चौथ्या आठवड्यातलं उटणं

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा करतो काय, हे सांगताना आमच्या मंडळींची फार पंचाईत व्हायची. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, वॉर्डबॉयही नाही. मी ड्रेसर, म्हणजे जखमेची पट्टी बदलणारा. "तेवढ्यासाठी वेगळा माणूस लागतो?" असं होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं होतं. पुढे त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम झाली, तेव्हा तीन महिने रोज मीच बसून ती धुतली. त्यानंतर त्यांनी हा प्रश्न पुन्हा काढला नाही.

आमच्या धंद्यात कौशल्य म्हणाल तर फार थोडं आहे. पट्टी ओढून काढायची नाही. मिठाच्या पाण्याने भिजवायची आणि ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. हात धुवायचे, मग परत धुवायचे. जखमेकडे बघताना तोंड वाकडं करायचं नाही, कारण पेशंट जखमेकडे बघत नसतो, आपल्या तोंडाकडे बघत असतो. हे शेवटचं मला कोणी शिकवलं नाही. ते यायला दहा वर्षं लागली.

सुरुवात लालबागच्या एका गिरणीच्या दवाखान्यात झाली. मागावरून उडालेल्या धोट्याने फुटलेली कपाळं, पट्ट्यात सापडलेली बोटं, वाफेने भाजलेले हात, सगळं माझ्याकडे यायचं. लोक घरचे उपाय करून यायचे. एक विणकर अंगठ्याच्या जखमेत रोज मशेरी भरून यायचा. मी रोज ती धुवून काढायचो. पंधरा दिवस आमची ही कुस्ती चालली. जखम भरली तेव्हा तो गिरणीतल्या आपल्या खात्यात सगळ्यांना अंगठा दाखवत सांगत होता, की बघा, मशेरीनेच भरली.

मग संप झाला. गिरणीचं फाटक बंद झालं आणि दवाखान्यालाही कुलूप लागलं. पण जखमा काही संपावर गेल्या नव्हत्या. माणसं माझ्या खोलीवर यायला लागली आणि मी घरच्या पातेल्यात पाणी उकळून पट्ट्या करू लागलो. त्यात आमच्याच मजल्यावरचा एक साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, होता. संपाच्या आठवडाभर आधी त्याचा तळवा भाजला होता. मी जखम छान भरून दिली आणि काम झालं असं समजून विसरून गेलो. वर्षाने जिन्यात भेटला तेव्हा त्याची दोन बोटं तळव्याला चिकटल्यासारखी आत वळलेली होती. आतला व्रण आखडला होता. शिंप्याच्या दुकानात काम मिळत होतं, पण हातच उघडेना. "तुम्ही बरी केलीत की जखम," तो म्हणाला, आणि तो मला दोष देत नव्हता, हे जास्त लागलं. रोज पाच मिनिटं तेलाने तो तळवा दाबायचा, एवढंच त्याला सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नव्हतं. जखम मिटली की आपलं अर्धंच काम झालेलं असतं, हे मला त्या जिन्यात कळलं.

गिरणी काही उघडली नाही. आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या सर्जननी मला दादरच्या त्यांच्या नर्सिंग होममध्ये घेतलं. तिथे भाजलेल्यांच्या, अपघातांच्या, जन्मतः फाटलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया व्हायच्या आणि पुढचे व्रण माझ्याकडे यायचे. व्रण वर्ष-दीड वर्ष जिवंत असतो. आधी लाल होतो, फुगतो, खाजतो, मग हळूहळू बसतो. त्या काळात त्याला वळण लावलं तर लागतं. दाबाचे कपडे, सिलिकॉनच्या पट्ट्या, ऊन टाळणं आणि मालिश. मालिशचं सूत्र एकच: बोट कातडीवरून फिरवायचं नाही, बोटाखालची कातडी फिरवायची. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, देव जाणे. तरी एकदा नको तिथे ते अर्धंच बोललो. तेच सांगायला हा लेख लिहितो आहे.

पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

संपानंतर दहा-बारा वर्षांनी केव्हातरी एक पोरगी आली. 'पोरगी' हा तेव्हाचा माझा शब्द. केस बारीक कापलेले, अंगात भावाचा असावा असा ढगळ शर्ट. छातीला क्रेप बँडेज इतकं आवळून गुंडाळलेलं, की दोन्ही काखांखाली कातडी सोलून निघाली होती. मी पट्टी केली आणि वर तोंडही चालवलं. देवाने दिलेल्या शरीराला असं छळू नये, लग्न झालं की डोक्यातलं सगळं निघून जातं, वगैरे. माझ्या मते ते प्रेमाचे चार शब्द होते. ती व्यक्ती जाताना फक्त "थँक यू" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला यायचं होतं. आली नाही, नंतरही कधी आली नाही. टेबलावर ते बँडेज राहिलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, काढल्यावर घट्ट नीट गुंडाळी केलेलं. किती जपून वापरत होती बघा. मी ते कितीतरी वर्षं खणात ठेवलं होतं. त्या जखमा चिघळल्या असतील तर त्याला मी जबाबदार आहे. याला दुसरा शब्द नाही.

पुढे ते सर्जन, आमचे मोठे डॉक्टर, थकले आणि त्यांची सून, आमच्या मॅडम, नर्सिंग होम बघू लागल्या. एके दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की आता आपल्याकडे ट्रान्स पुरुषांच्या छातीच्या शस्त्रक्रिया होतील. जन्माला आल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, पण मुळात जी माणसं पुरुष आहेत, त्यांची छाती सपाट करून द्यायची. "फायलीवर काही नाव असो, ते सांगतील त्याच नावाने हाक मारायची. जमेल ना?" मॅडमनी विचारलं. त्यांना वाटलं असावं, म्हातारा कुरकुर करेल. मला तर खणातलं ते बँडेज आठवलं. मी म्हटलं, जमवतो.

आणि जमलंही. मॅडमचे टाके म्हणजे बघत राहावं असे. छातीखालून काखेपर्यंत दोन्ही बाजूंना लांब रेघ, स्तनाग्रं लहान करून योग्य जागी कलम केलेली. आठवड्याने नळ्या निघाल्या, कलमावरची पट्टी सुटली, की पेशंट पहिल्यांदा आरशात बघतो. त्या वेळी मी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनकडे तोंड करून उभा राहायचो. कोणी रडायचं, कोणी हसायचं. एक आडदांड रिक्षावाला नुसता "अरे! अरे!" म्हणत राहिला. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या आनंदाने आपल्या जखमेकडे बघणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. गिरणीतली जखम काहीतरी घेऊन जायची. ही द्यायची.

संकेत त्यांच्यातलाच. हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याने हा मजकूर वाचला, नाव बदलायला लावलं आणि बाकीचं राहू दे म्हणाला. लालबागचा मुलगा, माझगावला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील गिरणी कामगार, नऊ वर्षांपूर्वी वारलेले. घरी तो आणि आई, एवढेच. आई मसाल्याच्या कांडपावर कामाला. मिरची, धणे, खोबरं कुटायच्या डंक्याखाली घालायचं, चिमटीत धरून बघायचं आणि झालं की नाही ते सांगायचं. तीस वर्षं तेच काम.

ऑपरेशनच्या दिवशी ती आली नव्हती. सातव्या दिवशी पट्टी उघडायला आली, पण खोलीच्या दारातच उभी राहिली. नऊवारी नेसलेली, बारीक अंगाची बाई, बोटं लालसर. तिने मुलाकडे एकदाच पाहिलं. मग मला विचारलं, "भाऊ, तेल कधी लावूचा?"

मालवणी बाईच्या तोंडून आलेला तो पहिला प्रश्न ऐकून मी खूश झालो. आई तेलाचं विचारते म्हणजे आई आपल्या बाजूला आली! त्या आनंदात मी म्हटलं, "लावा की, टाके पक्के झाले की तीन-चार आठवड्यांनी खोबरेल लावा. चांगलं असतं." 'पण आधी मला दाखवा', 'पण चोळू नका', 'पण कसं ते मी शिकवेन', हे पुढचं सगळं संकेतला कागदावर दिलं होतं. आईला सांगितलं नाही. दारातून एवढंच विचारून ती निघूनही गेली होती.

"ती तुला काय म्हणते रे घरी?" मी नंतर सहज विचारलं.

"काही नाही. आधी 'गो बाय' म्हणायची. आता हाकच मारत नाही. 'जेवण वाढलाय' म्हणून भिंतीला सांगते."

नरक चतुर्दशी चौथ्या आठवड्यात येत होती. तारीख माझ्या डोळ्यांसमोरच्या कॅलेंडरवर होती. वर्षानुवर्षं त्या पहाटे अंगाला उटणं लावून घेणाऱ्या मला त्या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही.

लागला तो उटणं लावताना. पहाटे मी मोरीत पाटावर बसलेलो, बायको पाठीला उटणं चोळते आहे, आणि फोन वाजला. संकेत होता. "काका, एक लोचा झालाय. रक्त येतंय." मागे कोणीतरी रडत होतं. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आईने आंघोळ घातली." माझ्या स्वतःच्या हाताला तेव्हा उटणं लागलेलं होतं. मी तसाच दोन तांबे अंगावर ओतून शर्ट चढवला, मॅडमना फोन केला आणि नर्सिंग होमची किल्ली घेऊन निघालो.

उजव्या बाजूची रेघ काखेजवळ दोन बोटं उसवली होती. एका स्तनाग्राची खपली सोलली गेली होती आणि त्याखाली ओलं लाल मांस दिसत होतं. चंदन, नागरमोथा, संत्र्याची साल, सगळं घरी वाळवून डंक्याखाली कुटलेलं जाडंभरडं उटणं, त्याचे कण जखमेत. मी मिठाच्या पाण्याने एकेक कण धुवून काढू लागलो. संकेतने दात आवळलेले.

"अरे, तुला माहीत होतं ना? कागदावर लिहिलंय! दुखायला लागल्यावर तरी थांबवायचंस की नाही तिला?" मी रागावलो.

तो छताकडे बघत बोलायला लागला. "काका, पहाटे उठलो तर तिने बाबांचा पाट मांडला होता. बाबा गेल्यापासून तो पाट भिंतीलाच उभा होता. त्याच्या भोवती रांगोळी. पुढ्यात कारीट, ते नरकासुराचं कडू फळ, ठेवलेलं. मला म्हणाली, 'बस रे झिला.'"

झील म्हणजे मुलगा. मालवणीत आई लेकाला हाक मारते ती.

"अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा," तो म्हणाला. "पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं मी. मग ती तेल लावायला लागली, उटणं लावायला लागली. दुखत होतं ना काका, खूप दुखत होतं. पण थांब कसं म्हणणार? ती परत गप्प झाली असती तर?"

मी पट्टीचा कागद फाडत राहिलो. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं, दाबून पाहिलं, आणि जंतुसंसर्ग झाला नाही तर आपोआप भरेल, कलम मात्र आठवडाभराने कळेल, असं सांगितलं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी गेलो तशी उभी राहिली. दोन्ही हात तिने पदराखाली लपवले होते.

"तुमी सांगितल्यात तेल चालता, म्हणान लावलंय," ती म्हणाली. "देवाक पटला नाय ह्या. झील म्हटलंय आणि रगात इला. माझ्या हाताकच तिखट आसा भाऊ, जन्माचा."

मी घाईघाईने म्हटलं, "बाई, देवाचा यात काही संबंध नाही. चूक माझी. तेल चालतं हे सांगितलं आणि चोळू नका हे सांगितलं नाही. माझ्या अर्ध्या बोलण्याने झालं हे." खरं तेच सांगितलं. पण तिचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. तिचा देवाशी हिशेब होऊन गेला होता.

पुढचे दिवस माझे वाईट गेले. रोज संध्याकाळी संकेत यायचा, मी पट्टी भिजवायचो आणि ती सुटेपर्यंत श्वास धरून बसायचो. आई रोज बरोबर यायची. बाहेर बाकावर बसायची, हात पदराखाली. आत पाऊल टाकलं नाही. घरी मुलाचं ताट वाढायची ते अंतरावरून, आणि आता तर भिंतीशीही बोलत नव्हती. "जखम भरेल काका," संकेत म्हणाला, "पण तो पाट तिने परत भिंतीला लावला." मला जिन्यातला तो साचेवाला आठवायचा, खणातलं बँडेज आठवायचं. इतकी वर्षं धंद्यात घालवून मी पुन्हा तिथेच आलो होतो.

नवव्या दिवशी कलमाचा काळा पापुद्रा सुटला आणि खाली गुलाबी कातडी दिसली. जिवंत. मी चष्मा पुसून परत बघितलं. मॅडमना हाक मारली तेव्हा माझा आवाज एवढा चढला, की त्या धावत आल्या. उसवलेली जागाही तळापासून भरत येत होती. हुश्श! एवढी एकच प्रतिक्रिया मला सुचली.

पण खरं हुश्श झालं ते पंधरा दिवसांनी. पेशंटची गर्दी होती. संकेत आईशेजारी बाकावर बसला होता. त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला त्याची पिशवी अडकवलेली. माझी हाक ऐकून तो उठला आणि विसरून उजवा हात सरळ वर नेला. खांद्याच्या वर हात न्यायला अजून बंदी होती.

"हात खाली घे रे झिला!" आई ओरडली. "काकांनी काय सांगितल्यानी? परत टाके उसवशीत!"

सगळी गर्दी वळून बघायला लागली. संकेतचा हात हवेतच राहिला होता, तो त्याने हळूच खाली घेतला. तिने उठून स्वतः पिशवी काढली आणि त्याच्या हातात दिली. तोंडातून काय निघालं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं असावं. ती माझ्याकडे बघून उगाच चिडल्यासारखी म्हणाली, "काय बघतास भाऊ? खरा ता सांगितलंय." मी दार धरून उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

म्हटलं, आता ही संधी सोडायची नाही. "बाई, आत या. हात धुवा. तुमच्याशिवाय पुढचं होणार नाही."

हे खोटं होतं. मालिश संकेत स्वतः करू शकला असता. पण मी दुसऱ्या बाजूची, नीट भरलेली रेघ पुढे केली, तिचं बोट धरलं आणि माझं सूत्र या वेळी पूर्ण सांगितलं: बोट कातडीवरून फिरवायचं नाही, बोटाखालची कातडी फिरवायची. तिने बोट मागे ओढलं. "तिखट लागात," ती पुटपुटली. "तीनदा धुतलेत ना? सकाळी कांडपावर जायच्या आधी करायचं. नाही लागत," मी म्हटलं. संकेत म्हणाला, "कर गो आये." तिने डोळे मिटून बोट टेकवलं. आणि काय सांगू, दोन मिनिटांत ती मला म्हणते, "भाऊ, हयसर बारीक आसा. हयसर अजून भरड." मी तिथे बोट ठेवून पाहिलं. खरंच आत गाठ होती, मला लागली नव्हती. तीस वर्षं चिमटीने मसाला ओळखणारा हात तो. इतकी वर्षं शिकवून मी असा शिष्य पाहिला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी मालिश झाली. रेघा बसत गेल्या, फिकट झाल्या. आमच्या सूचनांच्या कागदावर मी मॅडमना सांगून एक ओळ वाढवून घेतली, की सणाचं उटणं, अभ्यंग, चोळणं, काहीही घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला विचारल्याशिवाय करू नये. आणि तो कागद आता मराठीतही आहे.

दीड वर्षाने संकेत शेवटच्या तपासणीला आला, आईसह. छाती सुरेख दिसत होती. फक्त उजव्या काखेजवळ, जिथे उसवलं होतं, तिथे दोन बोटं रुंद, चकचकीत डाग राहिला होता. मॅडम म्हणाल्या, तेवढाच भाग भूल देऊन काढू, परत बारीक शिवू, संध्याकाळी घरी जाशील. पैसेही घेणार नाही.

संकेतने आरशात त्या डागाकडे पाहिलं. "नको मॅडम. तेवढा राहू दे."

"का रे?"

"बाकीचं सगळं तुम्ही केलंत. तेवढं आईने केलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आई मात्र लगेच तडकली. "काय तर म्हणे आयेचा! डॉक्टरीणबाय, तुमी ह्येचा ऐकू नका, करून टाका नीट!" असं म्हणत ती पुढे आली, त्याचा शर्ट खाली ओढायला लागली, आणि ओढता ओढता तिचं बोट त्या डागावर टेकलं. सवयीने ते तिथे गोल फिरायला लागलं. कातडीवरून नाही, कातडीसकट.

"मऊ झालो हा," ती म्हणाली. "ऱ्हवांदे तर, झिला."